शंख खाल्ला, आणि मग मागचा ढीग बघितला

सागरगोटा

नमस्कार मंडळी, बऱ्याच महिन्यांनी धागा काढतोय त्यामुळे जिलबी (म्हणजे नुसतं पाल्हाळ) वाटली तर सोडून द्या.

गेल्या महिन्यात आम्ही तिघं नासाऊला जाऊन आलो, म्हणजे बहामाजची राजधानी, फोर्ट लॉडरडेलहून विमानात बसलं की तासाभरात उतरवतात. तिथे पॅराडाइज आयलंडला जाणारा जो पूल आहे त्याच्या खाली पॉटर्स के म्हणून धक्का आहे, होड्या लागतात आणि ओळीनं टपऱ्या. सगळ्या टपऱ्यांवर एकच पाटी, काँक सॅलड. (उच्चार काँक. मी पहिल्यांदा काँच म्हणालो आणि टपरीवाला दोन मिनिटं हसत होता.) हा म्हणजे आपला शंखच, पण आपला पूजेतला नव्हे, क्वीन काँक, फूटभर लांब, आतून असा गुलाबी की प्लास्टिकचा वाटावा.

तर त्या माणसानं काय केलं ते सांगतो. दोरीत ओवून पाण्यात सोडलेल्या जिवंत शंखांतला एक वर काढला, हातोडीनं शेंडीजवळ एकच घाव घातला, बोटाएवढं भोक पडलं, त्यातून पातळ सुरी घालून आत कुठेतरी एक झटका दिला आणि दुसऱ्या बाजूनं नखी धरून अख्खा प्राणी बाहेर ओढला. पाच सेकंद. आत स्नायूचं एकच टोक कवचाला चिकटलेलं असतं, ते सुटलं की संपलं. नखी म्हणजे कोयत्याच्या पात्यासारखी तपकिरी चकती, ती वाळूत रुतवून हा प्राणी उड्या मारत चालतो, गोगलगायीसारखा सरपटत नाही. आणि डोळे! दोन देठांवर दोन डोळे, चांगले बघणारे. पोराला (वय ९) ते दिसले आणि त्यानं तिथेच जाहीर केलं की मी खाणार नाही.

मी खाल्ला. कातडं सोलून पांढरं मांस बारीक चिरतात, कांदा, टोमॅटो, भोपळी मिरची, गोट पेपर नावाची जाळ मिरची, वरून आंबट संत्रं आणि लिंबू पिळून कच्चंच देतात. माकुलपेक्षा गोड आणि जास्त करकरीत, तिसऱ्यांचा तो वास अजिबात नाही. शिवाय आतून एक पारदर्शक काचेच्या काडीसारखी वस्तू निघते ती त्यानं मला बाजूला बोलावून खायला लावली आणि डोळा मारला. असो. परिणाम काही नाही, विचारू नका.

मुद्दा पुढे आहे. खाऊन मागे गेलो तर फोडलेल्या शंखांचा ढीग, पुरुषभर उंच, प्रत्येकाच्या शेंडीला भोक. पोरगा त्यातले एकेक उचलून बघत होता आणि म्हणाला बाबा याला ओठ नाहीये. मला आधी कळेना. मग टपरीवाल्याच्या काउंटरवर शोभेला ठेवलेला मोठा शंख बघितला तर त्याची कड बाहेर पसरलेली, हत्तीच्या कानासारखी, आणि अंगठ्याएवढी जाड. ढिगातल्या बऱ्याच शंखांना ती कडच नव्हती, किंवा होती ती पापडासारखी.

घरी येऊन आठवडाभर वाचत बसलो. हा प्राणी साधारण तीन-चार वर्षं लांबीला वाढतो, मग लांबी थांबते आणि कड फुटते, आणि त्यानंतर उरलेलं आयुष्य (वीस-तीस वर्षं जगू शकतो) ती कड फक्त जाड होत जाते. कड फुटली की लगेच प्रजनन करतो असंही नाही, ती साधारण १५ मिलिमीटर जाड होईपर्यंत बहुतेक शंख वयातच आलेले नसतात. बहामाजचा कायदा म्हणतो नीट पसरलेली कड असलेलाच शंख पकडा. म्हणजे कायदा पाळला तरी मिसरूड फुटलेली पोरं पकडली जातात, आणि ढिगात तर मिसरूडही नसलेली होती.

तुमच्यापैकी कोणी बेलीझ, जमैका वगैरे बघितलंय का? तिथे काय परिस्थिती? आणि आपल्याकडे शंखाला काही कायदा आहे का, की नुसताच नमस्कार?

निमा_काकू

अरे देवा. सकाळी पूजेच्या आधी हा धागा उघडायला नको होता. शंखोदक घेतो आपण, आणि हा चिरून लिंबू पिळून! लिहिलंय मात्र छान. तुमच्या पोराचं कौतुक.

तारकर्लीकर

काकू, तुमचा पूजेतला शंख काय झाडाला लागतो? त्यातही कोणीतरी राहत होतं. तो येतो तमिळनाडूतून, मन्नारच्या आखातातून, तुतिकोरीन रामेश्वरम भागातून, पाणबुडे बुडी मारून काढतात आणि आतलं मांस तिकडची किनाऱ्यावरची माणसं खातातच. उरलेलं धुऊन, घासून, शेंडी कापून तुमच्या देवघरात. आमच्याकडे मालवणात दुकानात जे शंखशिंपले पर्यटक घेतात त्यातले निम्मे तर मालवणच्या समुद्रातले नसतातच, बाहेरून पोती येतात.

सागरगोटा, आमच्याकडे खुबे, तिसऱ्या, कालवं खातो, पण फूटभराचं शंखाचं मांस म्हणजे ऐकूनच भूक लागली. सुकं केलं तर कसं लागेल?

सागरगोटा

@तारकर्लीकर सुकं करायच्या आधी धोपटावं लागेल, नाहीतर चपलेचा तळ. तिकडे क्रॅक्ड काँक म्हणून करतात, मांस मोगरीनं कुटून पातळ करायचं, पिठात घोळून तळायचं. भजी पण करतात.

शब्दखोर

अवांतर, पण राहवत नाही. काँक आणि शंख हे शब्द चुलत भाऊच आहेत. ग्रीकमध्ये कोंखे, संस्कृतात शङ्ख, मूळ एकच. आणि आपल्याकडे नवव्या वर्षाच्या मुलापासून साहेबापर्यंत कोणालाही "अगदीच शंख आहेस" म्हणता येतं, ते का याचा मला आजवर पत्ता लागलेला नाही. फुंकला तरच आवाज, एरवी आत पोकळ, म्हणून असावं हा माझा अंदाज. (दिवे घ्या.)

मायामीकर_जुना

फ्लोरिडाचं मी सांगतो, पंचवीस वर्षं इथे आहे. इथल्या की वेस्ट नावाच्या बेटावर स्थानिक माणसाला काँकच म्हणतात, १९८२ साली सीमा पोलिसांनी हायवेवर नाकाबंदी केली म्हणून चिडून त्यांनी गंमतीत काँक रिपब्लिक नावाचा स्वतंत्र देश जाहीर केला होता, झेंड्यासकट. आणि गंमत अशी की त्याच की वेस्टला हॉटेलात जो काँक मिळतो तो एकही तिथला नसतो. फ्लोरिडात धंद्यासाठी पकडणं १९७५ साली बंद झालं, हौसेखातर पकडणं १९८६ साली. चाळीस वर्षं होत आली, अजून पहिल्यासारखे झालेले नाहीत. सगळा माल बाहेरून येतो, जगात जेवढं हे मांस विकलं जातं त्यातलं बहुतेक अमेरिकाच खाते.

आणि नियम कडक आहेत बरं का. किनाऱ्यावर रिकामं कवच सापडलं तर उचला, पण त्याच्या शेंडीला बाजूनं १/१६ इंचाहून मोठं भोक दिसलं तर ते बाळगणं गुन्हा. म्हणजे सागरगोटांनी जे भोक वर्णन केलंय तेच! भोक आहे म्हणजे कोणीतरी मारून खाल्लाय असं धरतात. २०१८ मध्ये की वेस्टला एका पर्यटक बाईला चाळीस जिवंत शंख गोळा केल्याबद्दल पंधरा दिवस तुरुंगात पाठवलं होतं, पोरांनी भेट द्यायला गोळा केले होते म्हणे.

पेंगुळलेला

पंधरा दिवस?? गोगलगायीसाठी? कमाल आहे. एवढी अंडी घालत असतील की लाखांनी, आपोआप वाढतील ना.

सागरगोटा

@पेंगुळलेला मलाही आधी अगदी असंच वाटलं होतं. अंडी घालते खरी, एकेका वेळी तीन-चार-पाच लाख, एक लांबलचक चिकट दोरा सोडते आणि त्याला वाळू चिकटवून गुंडाळी करून ठेवते, समुद्राच्या तळाशी बघितलं तर वाळूचा गोळा वाटेल. पण अंडी घालायच्या आधी नर-मादी भेटावे लागतात ना. हे काय पोहत जात नाहीत, उड्या मारत मारत जाणार, तेही गवत चरत चरत. बहामाजमधलाच एक अभ्यास २००० साली छापून आला, त्यात असं दिसलं की हेक्टरी, म्हणजे अडीच एकरात, साधारण ५६ मोठे शंख नसतील तर मीलन दिसलंच नाही. शून्य. म्हणजे समुद्रात शंख आहेत, डोळ्यांनी दिसतायत, कोळी म्हणतोय अजून आहेत की, पण ते म्हातारे ब्रह्मचारी होऊन मरणार. फ्लोरिडा चाळीस वर्षांत का सावरली नाही ते मला या आकड्यामुळे कळलं. पकडणं थांबवलं, पण तोवर उरलेले एकमेकांपासून लांब लांब होते.

म्हणून मला तो ढीग डोक्यातून जाईना. एकेक शंख खाताना वाटतं एकच तर.

जमैकानं मात्र धाडस केलं, त्यांचा पेड्रो बँक म्हणून मोठा उथळ भाग आहे, तिथला शंख निर्यातीचा मोठा धंदा, आणि २०१९ मध्ये त्यांनी अख्ख्या वर्षाची पकड बंद केली. बेलीझमध्ये हंगाम १ ऑक्टोबरला उघडतो आणि कोटा भरला की बंद, आणि कवच सात इंचांहून लहान चालत नाही. पण इंच मोजण्यात तीच अडचण, लांबी आधी पूर्ण होते आणि वय नंतर येतं. मोजायची तर कडेची जाडी मोजा. पण होडीवरच मांस काढून कवच समुद्रात फेकलं तर कड मोजणार कशाची?

कलम_चारशेवीस

वकील आहे, सवयीनं लिहितो. आंतरराष्ट्रीय बाजू आधी. साइटिस म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार, क्वीन काँक १९९२ पासून त्याच्या परिशिष्ट २ मध्ये आहे, म्हणजे व्यापार बंद नाही, पण निर्यात करणाऱ्या देशानं परवाना द्यायचा आणि पकडीनं प्रजातीचं नुकसान होत नाही हे स्वतः ठरवायचं. नुसतं कागदावर नाही, २००३ मध्ये होंडुरास, हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक या तिघांकडून आयात थांबवायला सगळ्या सभासद देशांना सांगितलं गेलं होतं, तेव्हा मोठी पळापळ झाली. पर्यटकाला तीनपर्यंत रिकामी कवचं वैयक्तिक सामान म्हणून बिनापरवाना नेता येतात असा साइटिसचा ठराव आहे, पण एखादा देश त्याहून कडक नियम लावू शकतो, त्यामुळे विमानतळावर ठराव दाखवून वाद घालू नका.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेनं त्याला त्यांच्या धोक्यातल्या प्रजातींच्या कायद्याखाली "थ्रेटन्ड" ठरवलं. बहामाज सरकारनं विरोध केला होता. त्यांच्या राजचिन्हाच्या माथ्यावरच शंख आहे, त्यामुळे प्रकरण नाजूक. पण लक्षात घ्या, "एन्डेंजर्ड" म्हटलं की आयात वगैरेची बंदी आपोआप लागते, "थ्रेटन्ड" म्हटलं की लागत नाही, त्यासाठी वेगळे नियम करावे लागतात. म्हणून मायामीकरांच्या हॉटेलात भजी मिळत राहिली.

आता आपलं. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ साली कवचवाल्या प्राण्यांची मोठी यादी घातली गेली. अनुसूची १ मध्ये शिंगवाला हेल्मेट शंख, ट्रायटन म्हणजे तो लांब तुतारीसारखा, मोठे ट्रायडॅक्ना शिंपले वगैरे. वाघ ज्या अनुसूचीत तीच. शिक्षा तीन ते सात वर्षं. अंदमानात ज्यांची जाड चकाकती कवचं बटणांसाठी काढली जात ते ट्रोकस आणि टर्बो तेव्हाच्या अनुसूची ४ मध्ये घातले, हेही भले मोठे आणि खाण्याजोगे. आणि गोव्याच्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी ज्या शिंपा बसवायचे ती शिंपसुद्धा त्याच यादीत आली.

आणि पूजेतला शंख, टर्बिनेला पायरम? तो त्या यादीत नव्हता. त्याला तमिळनाडूचा जुना मासेमारीचा नियम, ५७ मिलिमीटरहून कमी रुंदीचा असेल तर परत पाण्यात सोडा. म्हणजे निमा काकू, तुमचं देवघर सुरक्षित आहे.

निमा_काकू

हुश्श.

वैद्य_घाटावरचे

शंखभस्म, शंखवटी आम्ही रोज देतो, आम्लपित्ताला. ते पूजेतल्या याच शंखाचं. बंगालात लग्न झालेल्या बायका पांढरा शांखा घालतात तोही यातूनच कापून काढतात, ढाक्याला शांखारी बाजार नावाची गल्लीच आहे. आणि त्याच्या तोंडावरची चकती, सागरगोटांनी नखी म्हटलंय ती, धुपात घालतात. आपल्या संस्कृत ग्रंथांत सुगंधी द्रव्यांत "नख" येतं ते हेच.

एक गोष्ट सांगतो जी मला तुतिकोरीनच्या बाजारात एका म्हाताऱ्या पाणबुड्यानं दाखवली. मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं, आडवे कप्पे असलेलं, हातभर नाही पण वीतभर सहज. मी म्हटलं हे काय, तर म्हणे शंखाची अंडी. कप्प्यात पिल्लं तयार होतात आणि छोटासा शंख होऊनच बाहेर येतात. तुमच्या क्वीन काँकची पिल्लं पाण्यात तरंगत दुसऱ्या बेटावर तरी जाऊ शकतात. आमच्याची तिथल्या तिथेच सरपटणार. म्हणजे एका जागेचे संपवले की बाहेरून भर पडायला फार वेळ.

केपटाऊनहून

आमच्याकडे पर्लेमून, म्हणजे ॲबलोनी. शंख दिसत नाही, वाटीसारखा दिसतो, पण तीही समुद्री गोगलगायच. त्याचं तर गुन्हेगारीकरण झालंय, चोरटे पाणबुडे रात्री उतरतात, सुकवलेला माल हाँगकाँगला जातो आणि बदल्यात अमली पदार्थांचा कच्चा माल येतो असे खटले चाललेत. २००३ पासून सामान्य माणसाला हौसेखातर एकही काढता येत नाही. २००७ मध्ये दक्षिण आफ्रिकेनं तो साइटिसच्या परिशिष्ट ३ मध्ये टाकला आणि २०१० मध्ये परत काढूनही घेतला. माझा शेजारी सत्तरीचा आहे, लहानपणी ओहोटीला गुडघाभर पाण्यात उतरून आईनं सांगितलेले चार आणायचा. आता त्याच दगडावर उभं राहून फोटो काढतो.

टेबलखुर्ची

धागा आवडला, वाचनखूण साठवली. एक प्रश्न, जरा घरगुती आहे. आईनं दोन वर्षांपूर्वी एका दुकानातून दक्षिणावर्ती शंख घेतला. बावीस हजार. सोबत लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र. लक्ष्मी येते म्हणून. तो खरा आहे का हे कसं बघायचं? बाबा तेव्हापासून आईला बावीस हजारावरून बोलतायत.

सागरगोटा

@टेबलखुर्ची हे मला आवडलं कारण नेमकं इथेच फ्लोरिडा येते!

आधी डावं-उजवं. शास्त्रज्ञ शंख शेंडी वर करून धरतात आणि तोंड उजवीकडे आलं तर उजवा म्हणतात. आपण शेंडी खाली, निमुळतं नळीचं टोक वर धरतो, त्यामुळे आपला दक्षिणावर्ती म्हणजे त्यांचा डावा. मन्नारच्या शंखात असा उलटा लाखांत एखादा निघतो, म्हणून किंमत.

पण इथे फ्लोरिडात आणि मेक्सिकोच्या आखातात लाइटनिंग व्हेल्क नावाची समुद्री गोगलगाय आहे, तीही मोठी, तीही खातात, आणि तिची जातच उलटी. सगळ्याच उलट्या! टेक्सासचं राज्य-शिंपलं तेच. इथले जुने आदिवासी त्याचे पेले करून त्यात काळं पेय प्यायचे. ते घासून पांढरं करून आपल्याकडे दक्षिणावर्ती म्हणून विकतात.

ओळखायचं असं. तोंडातून आत टॉर्च मारा आणि मधल्या खांबावर बघा. खऱ्या शंखाला तिथे तीन-चार ठळक आडव्या वळ्या असतात, बोट फिरवलं तर जिन्याच्या पायऱ्यांसारख्या लागतात. व्हेल्कचा खांब गुळगुळीत. शिवाय खरा हातात घेतला की दगडासारखा जड, व्हेल्क आकाराच्या मानानं हलका.

तारकर्लीकर

टेबलखुर्ची, टॉर्च मारायच्या आधी बाबांना बाहेर पाठवा.

टेबलखुर्ची

बघितलं. आत्ता. आई स्वयंपाकघरात होती.

गुळगुळीत.

टॉर्च तिरका धरून बघितला, मोबाइलचा, मग बॅटरीचा. बोट घालून बघितलं. एकही पायरी नाही. आणि तोंडाच्या कडेला आत फिकट तपकिरी रेघ आहे ती मला आजवर हळदीची वाटायची.

मायामीकर_जुना

म्हणजे तुमच्या घरी आमच्या गावचा पाहुणा आहे. इथे किनाऱ्यावर वादळानंतर फुकट मिळतो हो.

निमा_काकू

टेबलखुर्ची, आईला सांगणार आहेस का? मी तुझ्या जागी असते तर नसतं सांगितलं. दोन वर्षं रोज हळदकुंकू वाहिलंय त्या माउलीनं. दुकानदाराला मात्र सोडू नका, पावती असेल तर ग्राहक मंचात जा.

कलम_चारशेवीस

पावती आणि ते लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र दोन्हीचे फोटो आधी काढून ठेवा. प्रमाणपत्रावर कोणत्या जातीचा शंख लिहिलंय का ते बघा. व्यक्तिगत निरोप करतो.

टेबलखुर्ची

आईला सांगितलं. काकू, सॉरी, लपवता आलं नाही, तिनं टॉर्च बघितला.

ती शंख हातात घेऊन बराच वेळ बसली. मग विचारलं, हा पण कोणी खाल्ला असेल का रे? मी म्हटलं बहुतेक. मग तिनं शेंडीकडे बोट फिरवून भोक शोधलं. भोक नाहीये. म्हणाली मग म्हातारपणी मेला असेल, राहू दे देवघरात, बाबांना काही बोलू नकोस.

बाबा हा धागा वाचत नाहीत ना कोणी सांगेल का.